तांबे परदेशचे, कसब घरचे : ठाणे-कल्याणच्या धातुकामाचा मागोवा

आपल्या त्वष्टा कासार ज्ञातीच्या संमेलनांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘परदेशी माल आला आणि आपला धंदा बुडाला.’ बोलणारा वयोवृद्ध असो वा तरुण, या वाक्यावर माना डोलतात, क्वचित टाळ्याही पडतात. हे वाक्य सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते अपुरे आहे. आणि निदान अपुरे असले म्हणजे औषधही भलतेच दिले जाते, हा अनुभव सर्वांच्या गाठी आहे. ज्या धातूवर आपल्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, तो तांबे हा धातू ठाणे-कल्याणच्या भूमीत कधीच निघत नव्हता. तो फार मोठ्या अंशी समुद्रमार्गे येत असे. नुसत्या आयातीने धंदे बुडते, तर आपला धंदा सातवाहनांच्या काळीच बुडावयास हवा होता. तो तेव्हा बुडाला नाही. त्याची पडझड झाली ती अलीकडच्या दीड-दोनशे वर्षांत. तेव्हा परदेशातून काही आले की नाही, एवढेच विचारून भागत नाही. खनिजापासून हंड्यापर्यंत घडणीच्या ज्या अनेक पायऱ्या आहेत, त्यांपैकी कोणत्या पायरीवरचा माल बाहेरून आला, हे पाहावे लागते. तेवढेच पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

सह्याद्री हा अग्निजन्य काळ्या पाषाणाचा डोंगर. त्याच्या पोटात तांब्याच्या खाणी नाहीत आणि पायथ्याच्या कोकणपट्टीतही नाहीत. असे असून कल्याण बंदराचे नाव प्राचीन जगात ज्या जिनसांसाठी गाजले, त्यांत तांब्या-पितळेचा समावेश होता. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने (पुढे तो भिक्षू झाला) ‘कल्लियाना’ बंदराचा उल्लेख केला असून तेथून बाहेर जाणाऱ्या मालात त्याने तांबे, शिसवी लाकूड आणि कापड यांची नावे दिली आहेत. त्याने वापरलेला ग्रीक शब्द तांबे व तांब्याच्या मिश्रधातू या दोहोंनाही लागू पडतो. त्याच्या आधी सुमारे पाचशे वर्षे, म्हणजे पहिल्या शतकात, ‘पेरिप्लस’ हे दर्यावर्द्यांसाठी लिहिलेले पुस्तक भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद करते. दोन नोंदींत पाच शतकांचे अंतर आहे. त्यांवरून घाईने अनुमान बांधणे बरे नव्हे. तथापि ज्या प्रदेशात खनिज नाही त्या प्रदेशाच्या बंदरातून तांबे-पितळ बाहेर जाते, याचा सरळ अर्थ असा की, ते दुसरीकडून येथे येत होते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचा निर्देश वारंवार येतो. त्यांत सार्थवाह व व्यापारी आहेत, तसेच सोनार आणि लोहारही आहेत. हातोडी चालविणाऱ्या माणसाला लेण्याच्या कामाला दान देण्याची ऐपत होती, ही गोष्ट त्या काळच्या कारागिरीच्या स्थितीविषयी पुष्कळ सांगून जाते.

ठाण्याची कथा याहून निराळी नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट सापडला. त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापले गेले. विद्वानांनी त्यातील राजवंशावळीचा कसून अभ्यास केला, आणि तो योग्यच होता. आमच्या मनात मात्र एक ज्ञातिसुलभ विचार येतो. राजाचे नाव राहिले, दान घेणाऱ्याचे राहिले. ज्याने ते तांबे ठोकून सपाट केले त्याचे राहिले नाही. पण त्याच्या हाताचे काम साडेसातशेहून अधिक वर्षे मातीत राहून वाचण्याजोगे निघाले.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ‘ताना’ राज्याविषयी लिहितो तेव्हा तेथून कातडी, जाड सुती वस्त्रे व कापूस जातो आणि व्यापारी तेथे सोने, चांदी व तांबे घेऊन येतात, असे सांगतो. म्हणजे तेव्हाही तांबे येणाऱ्या मालातच होते. या व्यवहाराचे स्वरूप कसे असे, याचा सर्वांत बोलका पुरावा ठाण्याचा नसून खाली मलबार किनाऱ्याचा आहे. कैरो येथील एका जुन्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या कोठीत मध्ययुगीन कागदपत्रांचा प्रचंड साठा मिळाला. त्यांत अब्राहम बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रे आहेत. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात हा गृहस्थ मलबारात राहून पितळी व काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवीत असे. एडनचे व्यापारी त्याला तांबे पाठवीत. इतकेच नव्हे तर जुनी, फुटकी, वापरून झिजलेली भांडी पाठवीत आणि त्यांच्या बदल्यात अमुक आकाराची तबके, अमुक घाटाची समई घडवून धाडावी अशा बारीकसारीक सूचना लिहीत. आपल्या मराठीत ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग भांड्यांच्या धंद्यातून आला आहे. येथे तर सारा अरबी समुद्र ओलांडून मोड येत होती आणि नवे भांडे होऊन परत जात होती! धातू परका, कसब घरचे, आणि दोहोंतील फरकाची किंमत कारागिराच्या देशात राहणार, असा तो सौदा होता.

हे कसब म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकास सांगावे लागते, याचा खेद वाटतो. प्रथम मूस. भट्टीत मूस ठेवून तांबे वितळवावयाचे, पितळ हवे असेल तर जस्त घालावयाचे, आणि किती घालावयाचे हे वितळलेल्या रसाच्या रंगावरून ओळखावयाचे. मग लगड ओतावयाची. ती तापवून ऐरणीवर धरावयाची आणि घणकऱ्यांनी एकामागून एक घाव घालून तिचा पत्रा करावयाचा. ठोकता ठोकता तांबे कडक होते. ते पुन्हा लाल करून विझविल्यावाचून पुढचा घाव सोसत नाही. पत्रा झाला म्हणजे तो वळवून, कडांना दाते पाडून, ते एकमेकांत बसवून झाळावयाचे. शेवटी मठारणे. मठारलेल्या हंड्यावर जे लहान लहान चकाकणारे ठसे दिसतात, ते शोभेसाठी आहेत असा आज समज आहे. वास्तविक प्रत्येक ठशागणिक धातू घट्ट होतो आणि पातळ पत्र्याच्या भांड्यास पाण्याचा भार पेलण्याचे बळ येते. शोभा ही त्यातून आपोआप निघालेली. यानंतर कल्हई, तिचे कथीलही परदेशचेच. या साऱ्या क्रमात धातूची किंमत एक आणि घडणावळ एक. घडणावळीचा वाटा मोठा असे, कारण पायऱ्या पुष्कळ होत्या.

सतराव्या शतकात डच लोक नागासाकीहून जपानी तांबे सुरतेस आणीत. लहान लहान कांड्यांच्या रूपात येणारे हे लालसर तांबे आपल्याकडील कारागिरांना फार पसंत होते. पुढे अठराव्या शतकात इंग्रजांनी आपल्या देशातील तांबे हिंदुस्थानात खपविण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा त्यांनी तशाच कांड्या ओतून, त्या गरम असतानाच पाण्यात टाकून पृष्ठभागावर जपानी तांब्यासारखी लाली आणली. आणि त्या मालाला खुद्द त्यांच्याच देशात ‘जपान कॉपर’ असे नाव पडले. परदेशी कारखानदाराने आपल्या कारागिराची आवड ओळखून तिची नक्कल करावी, हा प्रसंग पुढील इतिहास पाहता विलक्षण वाटतो. गिऱ्हाईक कोण आणि मर्जी कोणाची, याविषयी तेव्हा शंका नव्हती. १७३७ साली साष्टी व १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांच्या हाती गेले, राज्ये बदलली. परंतु कांडी येवो वा लगड येवो, ती मुशीत जाई, ऐरणीवर जाई. तोपर्यंत आपल्या घरातील एकही पायरी गेली नव्हती.

ती गेली पत्र्याबरोबर. इंग्लंडात पाण्याच्या व पुढे वाफेच्या बळावर फिरणाऱ्या लाटांच्या गिरण्यांतून एकसारख्या जाडीचा पत्रा निघू लागला. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झ याने साठ भाग तांबे व चाळीस भाग जस्त अशा मिश्रधातूचे पेटंट घेतले. हा पत्रा त्याने काढला होता जहाजांच्या तळाला ठोकण्यासाठी. पण स्वस्त, मजबूत आणि सोन्यासारखा पिवळा असल्यामुळे तो ‘यलो मेटल’ म्हणून मुंबईच्या बाजारात उतरला आणि तेथून आपल्या दुकानांत आला. जहाजाच्या बुडाला लागणारा पत्रा आमच्या आजीच्या पणजीच्या डोक्यावरची घागर झाला. पाठोपाठ आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती ठाण्यापर्यंत, १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत पोहोचली. १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट सर झाल्यावर कल्याणहून एक फाटा पुण्याकडे व एक नाशिककडे असे दोन रस्ते मुंबईच्या गोदीतील मालाला मोकळे झाले.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो, कारण ती सभेत सांगितली जात नाही. पत्रा आला तेव्हा आपला धंदा बसला नाही, तो वाढला. पूर्वी ज्या घरात मातीच्या भांड्यांवर भागत असे, तेथे पितळेची घागर, तांब्या, परात आली. मुलीच्या लग्नात भांडी देण्याची रीत ऐपतीच्या पलीकडे पसरली. पुण्यात व नाशकात तांबटांच्या आळ्या गजबजल्या. लगड ठोकून पत्रा करण्याचे जिवावरचे काम टळले, म्हणून आपल्या पूर्वजांना हायसेच वाटले असेल. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. घणाचे घाव घालून चाळिशीत ज्यांचे खांदे जात, त्यांनी तयार पत्र्याचे स्वागत केले नसते तरच नवल.

मात्र मूस थंडावली. मिश्रण ओळखणारी दृष्टी पुढच्या पिढीत उतरली नाही, कारण तिची गरज राहिली नाही. पूर्वी आलेले तांबे महाग झाले तर जुनी मोड वितळवून काम चाले. आता पत्रा ज्या गेजचा परदेशी गिरणीने लाटला त्याच गेजचे भांडे. पत्र्याच्या व्यवहाराला भांडवल लागे, ते मुंबईच्या धातुव्यापाऱ्याकडे होते. त्याने उधारीवर पत्रा द्यावा, वजनाने भांडी परत घ्यावीत आणि घडणावळ मोजावी, असा क्रम पडला. आणि एका पायरीचे काम गिरणीने आधीच केलेले असल्याने ती घडणावळही आखडली. भांडे तेच, दुकान तेच, ज्ञातीचे नाव तेच. पण कालचा कारखानदार आज मजूर झाला होता आणि धंदा तेजीत असल्यामुळे त्याला ते कळलेही नाही. आमच्या मते आपल्या पडझडीचा आरंभ त्या तेजीच्या दिवसांत शोधला पाहिजे. (बांगड्या विकणाऱ्या कासारांचा वृत्तांत याहून वेगळा आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे घेतला नाही.)

१९०५ साली स्वदेशीची चळवळ उसळली. विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, विलायती साखर वर्ज्य ठरली. तांब्या-पितळेची भांडी मात्र कोणी होळीत टाकली नाहीत. ताम्हण, पळी, पंचपात्री या तर देवघरातल्या पवित्र वस्तू. त्यांचा पत्रा कोणत्या गिरणीत लाटला गेला, हा प्रश्न देवाने विचारला नाही, तसा देशभक्तांनीही विचारला नाही. दिसणाऱ्या वस्तूवरून स्वदेशी-परदेशी ठरविण्याची ही सवय आजही गेलेली नाही.

तोवर पुढची पायरी डळमळू लागलीच होती. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन याने १८९८ साली ॲल्युमिनिअमची भांडी करण्यास आरंभ केला. येथील धातुकारागिरांना नवे काम मिळावे हाच त्याचा हेतू होता. धातू अर्थात बाहेरचा. युरोपातून, आणि पुढे जपानातून, एनॅमलची भांडी तर पूर्ण तयारच येऊ लागली. तांब्याची कांडी येत होती तेव्हा साऱ्या पायऱ्या आपल्या होत्या. पत्रा आला तेव्हा अर्ध्या राहिल्या. एनॅमलचे ताट थेट स्वयंपाकघरात उतरले तेव्हा आपल्यासाठी फक्त दुकानाचे फळकूट उरले. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरे ‘भांडी घडविणारे’ याऐवजी ‘भांड्यांचे व्यापारी’ झाली, ती याच काळात. व्यापारात कमीपणा नाही. पण हातोडी खाली ठेवणारी पिढी आणि ती कशी धरावी हे न जाणणारी पिढी यांत अंतर एकाच पिढीचे असते.

सरकारी जकातीने काय साधते याचे उदाहरण आपल्या दाराशीच, अंबरनाथला आहे. १९२२ साली परदेशी आगकाड्यांवर भारी जकात बसली. येथील कारखाने वाढावेत हा तिचा एक परिणाम झाला खरा. पण स्वीडनच्या बलाढ्य आगपेटी कंपनीने जकातीच्या भिंतीबाहेर ताटकळत बसण्याऐवजी भिंतीच्या आत येणे पसंत केले, आणि १९२३ साली ‘विमको’ स्थापन करून अंबरनाथला कारखाना घातला. नफा परदेशी गेला. परंतु यंत्र चालविण्याचे, ते दुरुस्त करण्याचे ज्ञान कल्याण तालुक्याच्या कामगारांच्या हाती आले. या दोहोंत तोट्याचे पारडे जड की लाभाचे, यावर आमचे मत लाभाकडे झुकते. पैसा गेला तर पुन्हा मिळविता येतो.

दुसऱ्या महायुद्धात तांबे-पितळ दारूगोळ्याकडे वळले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई झाली आणि तांबे परवान्याची वस्तू झाली. २ एप्रिल १९५८ च्या अलोह धातू नियंत्रण आदेशाने आयात तांब्याची किंमत बंदरात उतरलेल्या खर्चाशी बांधली आणि खरेदीला परवाना लागू केला. मधल्या व्यापाऱ्यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ‘नरेंद्र कुमार विरुद्ध भारत सरकार’ हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकविला जातो, कारण एखाद्या धंद्यातून मध्यस्थाला पूर्णपणे वगळणे हे वाजवी बंधन ठरू शकते का, हा प्रश्न त्यात निघाला होता. वकील मंडळी तो घटनेचा खटला म्हणून वाचतात. तो आपल्या पत्र्याचा खटला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

नेमक्या याच टंचाईच्या वर्षांत स्टेनलेस स्टीलने घर गाठले. त्याला कल्हई नको, चिंच-राखेने घासणे नको, आंबट पदार्थ कळकणे नाही. गृहिणींचे कष्ट वाचले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तांब्या-पितळेच्या आठवणींचे गोडवे गाणाऱ्यांपैकी पंधरा जणांच्या घरची पितळी भांडी कितींनी स्वतः घासली असतील, हा प्रश्नच आहे. दारोदार फिरणाऱ्या बोहारणीने जुन्या साडीच्या बदल्यात स्टीलचा डबा देऊन हा धातू चाळीचाळीत पोहोचविला आणि कल्हईवाल्याची आरोळी हळूहळू ऐकू येईनाशी झाली. ठाणे जिल्ह्यातच भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. दाबयंत्र, लेथ आणि पॉलिशचे चाक, एवढीच तेथली हत्यारे; पत्रा आरंभी मोठ्या प्रमाणात परदेशचाच. १९८२ साली तमिळनाडूत सेलमचा सरकारी कारखाना चालू झाला, तोही प्रथम फक्त थंड पत्रा लाटीत होता. तापवून लाटण्याची गिरणी तेथे १९९५ च्या सुमारास आली आणि पोलाद वितळविण्याची भट्टी २०१० मध्ये. आपण ज्या पायऱ्या एकेक करून उतरलो, त्याच पायऱ्या त्या कारखान्याला उलट्या क्रमाने चढावयास अठ्ठावीस वर्षे लागली. गेलेली पायरी पुन्हा बांधणे किती कठीण असते, याचा याहून चांगला हिशेब आम्हांस ठाऊक नाही.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्याची पहिली वसाहत उभी राहिली. ठाणे-बेलापूर रस्ता, डोंबिवली, अंबरनाथ असा उद्योगांचा पट्टा पसरला. शहाडला आणि मोहोन्याला कृत्रिम रेशमाचे प्रचंड कारखाने होतेच. आपल्या ज्ञातीतील तरुण या पट्ट्यात फिटर, टर्नर, साचेकार म्हणून शिरले. छिन्नी-हातोडी घरात पाहिलेली असल्याने त्यांना हे काम परके वाटले नाही. ज्या हातांनी मठार केला होता त्यांच्या नातवांनी शतांश मिलिमीटरचा साचा कोरला. ठाण्याच्या औद्योगिक इतिहासात या परंपरेची नोंद कोणी केलेली आमच्या वाचनात नाही.

तो पट्टा आज ओळखू येत नाही. मोहोन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. ठाण्यातील रेमंडची गिरणी बंद होऊन तिच्या जागेवर राहण्याचे मनोरे उभे राहिले. याचे सारे खापर १९९१ नंतरच्या खुल्या आयातीवर फोडण्याची रीत आहे, ती आम्हांस पूर्णपणे पटत नाही. ठाण्यात जमिनीचा भाव कारखान्याच्या नफ्याहून कितीतरी चढा झाला, हे कारण तितकेच बलवत्तर होते. यंत्र चालविण्यापेक्षा त्याखालची जागा विकणे फायद्याचे ठरले, तर शेजारच्या देशाला दोष कशाला?

डोंबिवलीची गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. तेथील रसायनांच्या कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले, माणसे मेली. वस्तीला लागून असे कारखाने नकोत, हे रहिवाशांचे म्हणणे न्याय्य आहे. पण रसायनांच्या व औषधांच्या धंद्यातील आरंभीच्या, घाणेरड्या आणि धोक्याच्या पायऱ्या आपल्या देशातून पुष्कळ आधीच हलल्या आहेत. त्या चीनमध्ये गेल्या आणि त्यांचे अर्धे तयार फळ पिंपांतून भरून परत येते. येथे शेवटची एक-दोन कामे होतात. भारतात आयात होणाऱ्या औषधी मूळद्रव्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माल एकट्या चीनकडून येतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन करून ज्या देशाने पेनिसिलिन स्वतः केले, त्याच देशाने पुढे स्वस्त चिनी मालापुढे त्याचे मूळद्रव्य करणे सोडून दिले होते. ते पुन्हा होऊ लागले २०२४ मध्ये, काकिनाड्याला. औषधाच्या वेष्टनावर गावाचे नाव आपलेच असते. यलो मेटलच्या घागरीवरही कासाराचे नाव आपलेच होते.

उल्हासनगरविषयी एक किस्सा कल्याणात सांगितला जातो. निर्वासित सिंधी बांधवांनी तेथे कल्पकतेने नाना वस्तू बनविल्या आणि त्यांवर ‘मेड इन यूएसए’ असे छापले. विचारले तर उत्तर तयार, उल्हासनगर सिंधी असोसिएशन! लोक हसतात ते सिंधी माणसाच्या चातुर्याला. आम्हांस हसू येते ते गिऱ्हाइकाचे. माल घरचा, शिक्का परका, आणि खप शिक्क्यामुळे.

आता पुन्हा तांब्याकडे. देशातील सर्वांत मोठ्या तांबे-भट्ट्यांपैकी एक, वर्षाला चार लाख टनांची, तमिळनाडूत तुतिकोरिनला होती. हा प्रकल्प मुळात आपल्या कोकणात, रत्नागिरीला व्हावयाचा होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील लोकांच्या विरोधामुळे तो हलला. तुतिकोरिनलाही प्रदूषणाविरुद्ध आंदोलन झाले, २२ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मरण पावले, आणि भट्टी बंद झाली. शुद्ध तांबे निर्यात करणारा भारत त्यानंतर पुन्हा ते आयात करू लागला. २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्र्याला नवी मोठी भट्टी पेटली. तिला लागणारे खनिज मात्र मुख्यतः समुद्रापलीकडचे. रत्नागिरीकरांनी विरोध केला तो चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आंब्याची बाग आणि माशाचा समुद्र ज्याचा आहे, त्यालाच त्याचे मोल कळते. परंतु धूर नको आणि तांबेही परदेशचे नको, या दोन्ही मागण्या एकाच सभेत होतात, तेव्हा त्या एकमेकींशी ताडून पाहणारा कोणी तरी असावा.

अलीकडे तांब्याच्या बाटलीतून पाणी पिण्याची हौस पसरली आहे. लोक मोठ्या किमतीला अशा बाटल्या घेतात, ‘हाताने मठारलेली’ असे त्यांवर लिहिलेले असते, आणि पुष्कळदा ते ठसे यंत्राच्या साच्याने उठविलेले असतात. जाणत्याला ते एका दृष्टीत कळते. हाताचा ठसा शेजारच्या ठशासारखा तंतोतंत कधीच नसतो. असा जाणता कोण, हे शोधणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. पुण्याच्या तांबट आळीत अजून हातोड्यांचा आवाज येतो. ठाणे-कल्याणात ज्यांनी स्वतः मठार केला असे वृद्ध आता बोटांवर मोजण्याइतके असतील.

यास्तव आम्ही मंडळाच्या संमतीने ज्ञातिबांधवांस एक विनंती करीत आहोत. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे असतील, त्यांनी त्यांची नावे, उपयोग आणि शक्य तर वजने लिहून पाठवावीत. ज्यांचे वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ, भाईंदर अथवा अन्यत्र लहानमोठे कारखाने आहेत, त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : आपण वापरता तो पत्रा अथवा कच्चा माल कोणत्या अवस्थेत आणि कोठून येतो, आपला साचा कोण करतो, आणि यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावचा आहे की त्यासाठी परदेशी फोन करावा लागतो. भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानातील दहा वस्तूंविषयी एवढेच कळवावे. उत्तरे दिवाळीपूर्वी मंडळाच्या पत्त्यावर हस्ते वा टपालाने पोहोचावीत. नावे न छापता त्यांचा तक्ता पुढील वर्षीच्या स्मरणिकेत द्यावयाचा आहे.